तुम्ही विचारलंत म्हणून: हरलेल्या ग्रीसचंच चित्र का?

चित्रांवर बोलायला कुठे गेले की हा प्रश्न येतोच. फ्रेंच चित्रकार देलाक्रवाचं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे 'लोकांना पुढे नेणारी स्वातंत्र्यदेवी': झेंडा उंचावून मढ्यांवरून पुढे येणारी बाई. ते सोडून तुम्ही गुडघे टेकलेल्या बाईबद्दल का बोलता?

गुडघे टेकलेली ती बाई म्हणजे ग्रीस. चित्राचं नाव 'मिसोलोंघीच्या अवशेषांवरील ग्रीस', साल १८२६.

मिसोलोंघी हे पश्चिम ग्रीसमधलं उथळ खाजणाच्या काठचं गाव. ऑटोमन तुर्कांच्या सत्तेविरुद्ध १८२१ मध्ये ग्रीकांचा उठाव झाला आणि १८२५ च्या एप्रिलपासून या गावाला वर्षभर वेढा पडला. मागाहून इजिप्तच्या इब्राहिम पाशाची फौजही येऊन मिळाली. धान्य संपलं. लोकांनी कुत्री, मांजरं, उंदीर खाल्ले. पुढच्या एप्रिलमध्ये एका रात्री उरलेले लोक वेढा फोडायला बाहेर पडले, पण बेत आधीच फुटला होता. बहुतेक कापले गेले, बायकामुलं गुलाम म्हणून विकली गेली. मागे राहिलेल्यांपैकी काहींनी शत्रू आत शिरताच दारूकोठाराला बत्ती दिली आणि त्याच्यासोबत स्वतःही गेले. कवी बायरन दोनच वर्षांपूर्वी इथे तापाने वारला होता, त्यामुळे या गावाचं नाव युरोपभर माहीत होतं.

देलाक्रवा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. ग्रीस त्याने पाहिलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी कीऑस या ग्रीक बेटावरच्या कत्तलीचं चित्र काढताना त्याने भलामोठा कॅनव्हास माणसांनी भरून टाकला होता. इथे मात्र एकटी बाई. पांढरा पोशाख, वर निळा अंगरखा, छाती उघडी. पायाखालच्या दगडांवर रक्त, आणि त्याच दगडांतून बाहेर आलेला मेलेल्या माणसाचा हात. मागे अंधारात पागोटं घातलेला सैनिक झेंडा रोवून उभा आहे. तिच्या हातात शस्त्र नाही. दोन्ही हात खाली, तळवे उघडे.

मी सांगते ते या तळव्यांसाठी. हे चित्र पहिल्यांदा लागलं पॅरिसमध्ये, लेब्रून गॅलरीत, ग्रीकांना मदत म्हणून भरवलेल्या प्रदर्शनात. आणि इब्राहिमच्या फौजेला कवायत शिकवणाऱ्यांत फ्रेंच माणसं होती! पॅरिसच्या प्रेक्षकासमोर ती हात पसरून बसते, तेव्हा मला त्यात याचना कमी आणि जाब जास्त दिसतो. झेंडेवाली बाई आपल्याला बरोबर ओढून नेते, बघणारा तिच्या बाजूचा होऊनच जातो. ही तसं होऊ देत नाही. तुम्ही तेव्हा काय करत होतात, एवढंच विचारते.

कधी कुणी पुढे विचारतं, की चित्र एकांगी नाही का? आहे. ऑक्टोबर १८२१ मध्ये ग्रीकांनी त्रिपोलित्सा हे शहर घेतलं तेव्हा तिथल्या हजारो मुस्लिम आणि ज्यू रहिवाशांची कत्तल झाली, त्यातही बायकामुलं होती. देलाक्रवाने ते रंगवलं नाही. मागचा तो काळासावळा सैनिकही माणूस म्हणून रंगवलेला नाही, नुसती धमकी म्हणून उभा केलाय, आणि ते मला खटकतं. चित्र दाखवताना मी हेही सांगते.

१८२७ मध्ये ग्रीसच्या किनाऱ्यावर नवारिनोला ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन जहाजांनी ऑटोमन-इजिप्शियन आरमार बुडवलं. १८३० मध्ये ग्रीसचं स्वातंत्र्य मान्य झालं. चित्र १८५२ मध्ये बोर्दो शहराने विकत घेतलं, आजही ते तिथल्याच संग्रहालयात आहे. पॅरिसला जाणाऱ्यांनो, तिथल्या लूव्र संग्रहालयात ते शोधू नका. बोर्दोची गाडी पकडा.