सेरेनिटीओएसमध्ये माझा पहिला पॅच

नोकरीत मी जावा लिहिते, पण ऑपरेटिंग सिस्टिम आतून कशी चालते हे एकदा तरी हात घालून बघायचंच होतं. लिनक्स कर्नलचा (म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा) कोड उघडून बघितला होता आधी, पण तो एवढा अवाढव्य आहे की कुठून सुरुवात करायची तेच कळेना, म्हणून सेरेनिटीओएस या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळले. अँड्रियास क्लिंग नावाच्या स्वीडिश प्रोग्रॅमरने २०१८ मध्ये व्यसनमुक्तीच्या उपचारांनंतर हाताला काहीतरी काम हवं म्हणून ही सुरू केली, नावसुद्धा सेरेनिटी प्रेअर या व्यसनमुक्ती गटांत म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेवरून घेतलंय. २०२४ मध्ये तो लेडीबर्ड ब्राउझरकडे गेला, पण सिस्टिम बाकीचे लोक पुढे नेतायत. दिसायला नव्वदीतल्या विंडोजसारखी करडी बटणं आणि आतून युनिक्स!

ही बूट करायची तर तयार आयएसओ (डिस्क इमेज) शोधत बसू नका, सोर्सवरून स्वतःच बिल्ड करायची असते. उबुंटूवर सीमेक आणि निंजा (बिल्डची साधनं), क्यूईएमयू (व्हर्च्युअल मशीन, ज्यात सेरेनिटी चालवायची) वगैरे पॅकेजेस टाकली आणि रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) मेटा फोल्डरमधली सेरेनिटी डॉट एसएच स्क्रिप्ट चालवली, की ती आधी जीसीसी कंपायलर आणि त्याच्या जोडीची बिनयुटिल्स साधनं यांचा सोर्स उतरवून त्याला सेरेनिटीचे पॅच लावते आणि आख्खा क्रॉस कंपायलर बनवते, कारण तुमच्या मशीनवरचा कंपायलर लिनक्ससाठी बायनरी बनवतो, सेरेनिटीसाठी नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर याला प्रचंड वेळ लागला, रॅम भरायला लागली तेव्हा पॅरलल जॉब्स कमी केले आणि रात्रभर चालू ठेवून झोपले. हे एकदाच करावं लागतं, नंतर बदललेल्या फाइलीच कंपाइल होतात. आणि हो, केव्हीएम (प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय वापरू देणारा लिनक्सचा भाग) चालू आहे ना ते नक्की बघा, आपला युजर केव्हीएम ग्रुपमध्ये लागतो, नाहीतर क्यूईएमयू सगळं सॉफ्टवेअरमध्येच एम्युलेट करतं आणि माऊससुद्धा रखडतो.

कामासाठी मुद्दाम लहानसं काहीतरी निवडलं. एक छोटी कमांड होती, ती फक्त स्टँडर्ड इनपुटवरून ओळी घ्यायची, फाइलचं नाव दिलेलं चालायचं नाही. ते जोडायचं ठरवलं. इथे सी प्लस प्लस आहे पण एक्सेप्शन नाहीत, स्टँडर्ड लायब्ररीसुद्धा नाही, सगळं स्वतःच्या एके लायब्ररीतलं. फंक्शन एररऑर (म्हणजे उत्तर किंवा एरर) परत करतं, हाक मारताना ट्राय मॅक्रो लावायचा, म्हणजे एरर आली की आपोआप वर, हाक मारणाऱ्या फंक्शनकडे जाते. जावावाल्यांना हे पटकन समजतं, आणि मला तर आता एक्सेप्शनपेक्षा हेच जास्त आवडतं, एरर कुठून निसटू शकते ते ओळीवरच दिसतं.

कोड लिहिला, बूट केलं, कमांड चालवली आणि प्रोग्रॅम क्रॅश! डीबग लॉगमध्ये मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं की या प्रोसेसने आरपाथ प्लेज केलेला नाही. प्लेज ही कल्पना मूळची ओपनबीएसडीची: प्रोग्रॅम सुरुवातीलाच कर्नलला सांगतो की मी एवढ्याच गोष्टी करणार, आणि त्यापलीकडे गेला की कर्नल त्याला तिथेच मारतं. ही कमांड फक्त एसटीडीआयओ (साधं इनपुट-आउटपुट) म्हणाली होती, फाइल वाचायला आरपाथ लागतो. एक शब्द वाढवून काम झालं असतं, पण मी थांबून शोधत गेले. माझ्या कमांडपासून लिबकोअर लायब्ररी, तिथून सिस्टिम कॉल (कर्नलला केलेली विनंती) आणि मग कर्नलमधली ओपनची फाइल जिथे हे वचन तपासतात, आणि हे सगळं एकाच रेपोत, एकाच भाषेत, एकाच शैलीत लिहिलेलं! इतकी वर्षं फाइल उघडतेय पण खाली काय होतं ते सलग वाचायला मिळालं ते त्या संध्याकाळी, आणि या प्रोजेक्टवर माझा जीव जडला तो तिथेच.

पुल रिक्वेस्टचे (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या या विनंतीचे) नियम कडक आहेत. कमिट मेसेजमध्ये (प्रत्येक बदलाच्या नोंदीत) आधी विभागाचं नाव, मग कोलन, मग काय केलं ते आज्ञार्थी इंग्रजीत. क्लँग-फॉरमॅट (कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन) चालवायचंच. रिव्ह्यूमध्ये दोन गोष्टी सांगितल्या, मॅन पेजमध्ये (कमांडच्या माहितीपानात) नवीन आर्ग्युमेंट लिहा आणि तो बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवा. वर आणखी एक "दुरुस्ती" नावाचा कमिट टाकलेला चालत नाही, इंटरॅक्टिव्ह रिबेस (आधीचे कमिट बदलायची गिटची सोय) करून मूळ कमिटच नीट करायचा आणि फोर्स पुश, म्हणजे जुन्याच्या जागी तो पाठवायचा. ऑफिसात कोणी एवढं बघत नाही, पण इथली हिस्टरी वाचताना जो फायदा होतो तो बघून मला हा हट्ट शंभर टक्के पटला. रिव्ह्यू करणारे सगळे आपला वेळ काढून फुकट करतात, त्यामुळे उत्तराला उशीर झाला तर धीर धरा, सारखं टोचू नका.

पॅच मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये गेला. आता अनव्हेल वाचतेय, म्हणजे प्रोग्रॅमला फाइल सिस्टिमचा ठरावीक भागच दिसू देणारा कॉल, आणि तो कर्नलमध्ये पाथ कसा जुळवतो ते बघायचंय. कोणाला सोबत वाचायचं असेल तर सांगा, सी प्लस प्लस थोडंफार येत असलं तरी पुरे.