आमची वाटचाल : वाळूजचा गाळा ते मागचा एक्सल

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला जॉबवर्क करणारे गाळे उभे राहिले. आमचे वडील गंगापूर तालुक्यातली कोरडवाहू शेती भावाकडं सोपवून त्यातल्याच एका गाळ्यात लेथवर लागले. पुढं मी आणि धाकट्या भावानं एक पॉवर प्रेस, एक सीओटू वेल्डिंग मशीन आणि हातानं चालवायचा पाइप बेंडर घेऊन स्वतःचं काम काढलं. ब्रॅकेट, क्लॅम्प, पट्ट्या. ड्रॉइंग दुसऱ्याचं, माल दुसऱ्याचा, आमची मजुरी. बरीच वर्षं तशीच गेली.

2020 च्या टाळेबंदीत ऑर्डरी थांबल्या आणि हात रिकामे झाले. भावाकडं जुनी हॅचबॅक होती. टाळेबंदी उठल्यावर कन्नडच्या घाटातून येताना तो म्हणाला, ‘‘दादा, वळणावर पुढचं टोक बाहेर पळतंय आणि मागचं नुसतं झुकतंय. याला मागं काहीतरी बांधायला पाहिजे.’’ आमच्या धंद्याची दिशा बदलली ती या वाक्यानं.

लहान गाड्यांच्या मागं बहुतेक वेळा टॉर्शन बीम असतो. फोक्सवॅगननं 1974 मध्ये गोल्फमध्ये तो आणला. आज आपल्याकडच्या स्विफ्ट, पोलोसारख्या गाड्यांखालीही तोच दिसतो. दोन बाजूंना दोन आर्म, मध्ये इंग्रजी व्ही किंवा यू आकाराची उघडी पट्टी. वळणावर एक चाक वर, एक खाली गेलं की ही पट्टी पिळली जाते आणि त्या पिळाच्या विरोधामुळंच गाडी कमी झुकते. दोन्ही आर्मना जोडणारा आणखी एक बार, म्हणजे पोलादी दांडा, लावला की पिळाला विरोध वाढतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं टोक मग वळणात बरंच आटोक्यात येतं. कल्पना सोपी आहे, आणि बार वाकवायचं यंत्र आमच्याकडं होतंच.

आम्ही पहिला बार 22 मिलिमीटरचा भरीव घेतला. जाड म्हणजे चांगला, एवढीच तेव्हाची समज. भरीव बारचा पिळाला असणारा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, हे डिप्लोमाच्या पुस्तकात वाचलेलं होतं, पण हाताला कधी लागलेलं नव्हतं. लांबी आणि पोलाद तेच ठेवलं तर 22 चा बार 18 च्या बारपेक्षा सव्वादोन पट ताठ होतो. म्हणजे तेवढाच जास्त जोर त्याच्या दोन टोकांच्या ब्रॅकेटवर येतो. आणि ब्रॅकेट आम्ही 3 मिलिमीटर पत्र्याचे केले होते, कारण प्रेसवर तो पत्रा सहज वाकायचा.

गाडी सुरेख वळायला लागली. तोंडी तोंडी नाव पसरलं. जालना, बीड, परभणीहून मुलं यायला लागली. 41 सेट गेले.

मग बीडचे एक गिऱ्हाईक मागून टकटक आवाज येतो म्हणून आले. गाडी रॅम्पवर घेतली. आमच्याकडं वेल्डिंगला जे मामा आहेत, त्यांनी टॉर्च लावली, काळा रंग बोटानं पुसला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. वेल्डच्या कडेला, जिथं वेल्ड संपून पत्रा सुरू होतो तिथं, गंजाची केसाएवढी तांबडी रेघ होती. बोल्टचं भोक गोल राहिलं नव्हतं, लंबगोल झालं होतं. ‘‘शेठ, बार ठणठणीत हाय,’’ मामा म्हणाले, ‘‘ब्रॅकेटचं पान फाटायलंय.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या रस्त्यांखाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर लाटा धरतं. त्या प्रत्येक लाटेवर एक चाक आधी उचललं जातं, बार पिळला जातो आणि ब्रॅकेटला हिसका बसतो. अशा हजारो हिसक्यांनी पत्रा थकतो. पुढं वाचताना कळलं की परदेशात नव्वदच्या दशकातल्या होंडा सिव्हिकमध्ये मागं जाड बार लावणाऱ्यांची बार जिथं बसतो ती सबफ्रेमच, म्हणजे गाडीखालची आधाराची चौकट, फाटली होती, आणि म्हणून तिथं मजबुतीच्या वेगळ्या प्लेटा विकायला आल्या. आमची चूक आधी कुणीतरी करून बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बिलबुक उघडलं आणि एकेकाला फोन लावले. ‘‘गाडी घेऊन या, बार काढायचाय, पैसे परत देतो.’’ लांबच्यांना पेट्रोलचे पैसे दिले. बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा, भरत आली होती. बायकोनं बचत गटातून पैसे उचलले. त्याबद्दल ती आजवर एक शब्द बोलली नाही, मी मात्र विसरलेलो नाही.

नवा सेट उभा करायला आठ महिने लागले. बार 18 चा. ब्रॅकेट 6 मिलिमीटर प्लेटचा, गसेट म्हणजे कोपऱ्याला आधाराची तिकोनी पट्टी लावलेला. स्प्रिंग ज्या ताटलीवर बसते तिच्या वर-खाली दोन प्लेटा आणि मध्ये नळीची बुशी, म्हणजे बोल्ट आवळला तरी ताटली चेपत नाही. मूळ एक्सलला वेल्डिंग नाही, भोकही नाही. प्रत्येक वेल्ड डाय पेनिट्रंटनं तपासतो: लाल रंग मारायचा, पुसायचा, वर पांढरं डेव्हलपर फवारायचं. भेग असली की पांढऱ्यावर लाल रेघ आपोआप उमटते. जालना शेजारी, पोलादाचं गाव. पण तिथली सळई बांधकामाची, म्हणून आमचा बार आम्ही पुण्याहून आणतो. बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर उभी पाहिजे, नाहीतर बार आधीच पिळलेला बसतो.

बार मागायला आलेल्या पुष्कळ गाड्या आम्ही बार न लावताच परत पाठवतो. एक्सलचे रबरी बुश गेलेले असतात, शॉकॲब्सॉर्बर तेल सोडत असतो, नाहीतर टायरमध्ये हवा कमी असते. ते आधी नीट करा, मग घाटात चालवून बघा, असं सांगतो. आणि बार जास्त ताठ झाला तर ओल्या रस्त्यावर मागचं टोक अचानक सुटतं, हेही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. रस्त्यावर वापरायची गाडी असेल तर आरटीओला आणि विमा कंपनीला विचारल्याशिवाय बार लावू नये, हे आम्ही बिलावर छापलंय. त्यामुळं काही गिऱ्हाइकं जातात. जाऊ द्या.

आता गाळ्यात सात माणसं आहेत. दोघं आयटीआयची पोरं मामांच्या हाताखाली तयार होतायत.

त्या 41 सेटांपैकी 38 परत आले. तीन गाड्या दरम्यान विकल्या गेल्या आणि पुढचे मालक सापडले नाहीत. त्या बारवर नंबर नाही, ब्रॅकेट पातळ पत्र्याचा आहे आणि बारला काळा रंग आहे. नव्या सेटवर नंबर ठोकलेला असतो. जुनी हॅचबॅक घेतलेल्या कुणाच्या गाडीखाली असा बार दिसला, तर कृपा करून हळू चालवत वाळूजला आणा. बिल लागत नाही. आम्ही तो काढून घेऊ आणि पैसे तुमच्या हातात देऊ.