आमची वाटचाल : पंक्चरपासून जुन्या गाड्यांच्या चाकांपर्यंत

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे इथे टायरचा धंदा सहसा उपाशी राहत नाही. आमची सुरुवातही ट्रकच्या पंक्चरनेच झाली. पुढे बॅलन्सिंगचं मशीन आलं, मग अलाइनमेंट. आज मात्र निम्म्याहून जास्त काम एकाच गोष्टीचं आहे : जुन्या गाडीला बरोबर बसणारं चाक शोधून देणं.

त्याला कारण आहे. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण शिरपूर, दोंडाईचा, अमळनेर, चोपडा या भागांत ही गाडी अजून शेतावर जाते-येते. ओम्नी, जुनी सॅन्ट्रो, पॅलिओ, आयकॉन यांचंही तेच. मूळ डिस्क, म्हणजे टायरच्या आतलं लोखंडी चाक, गंजली, वाकली की माणूस भंगार बाजारातून चार भोकांची मिळेल ती उचलतो. वर म्हणतो, "चाक बसी गयं ना भाऊ, मंग आखो काय जोयजे?" बसलेलं चाक आणि जुळलेलं चाक यांत फरक असतो, आणि आमचा धंदा त्याच फरकावर उभा राहिला.

पहिलं माप पीसीडीचं, म्हणजे स्टडच्या (चाक ज्यांवर नटने आवळतात त्या आटेदार दांड्यांच्या) मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर व्हर्नियरने घ्यायचं. पाच असतील तर समोर स्टड येत नाही, म्हणून शेजारच्या दोन मध्यांतलं अंतर घेऊन १.७०१ ने गुणायचं. जिप्सीवर हे अंतर ८२.१ मिमी भरतं, म्हणजे पीसीडी १३९.७. मारुती ८०० आणि ओम्नीचा ११४.३, स्विफ्ट, सॅन्ट्रो आणि जुन्या होंडा सिटीचा १००, आयकॉनचा १०८, पॅलिओचा ९८.

घोळ होतो तो ९८ आणि १०० मध्ये. प्रत्येक बोल्टला फरक फक्त १ मिमीचा, त्यामुळे १०० चं चाक पॅलिओवर ओढून-ताणून बसतंही. पण बोल्ट तिरका दाबला जातो, त्याची टोपी एकाच बाजूने टेकते, चाक मध्यावर राहत नाही आणि काही दिवसांत बोल्ट सैल होतो. असं चाक आम्ही बसवून देत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

पीसीडी जुळला म्हणजे काम झालं असंही नाही. स्विफ्ट आणि सॅन्ट्रो दोन्हींचा पीसीडी १००, मधल्या भोकाचं मापही ५४.१ मिमी. चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर ते बसतं त्यावर, सरळ सरकतं. पण स्विफ्टच्या स्टडचे आटे एम १२ × १.२५, म्हणजे स्टड १२ मिमी जाड आणि दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर, आणि सॅन्ट्रोचं हे अंतर १.५. चुकीचा नट हाताने दोन-तीन फेरे जातो, मग अडकतो. तिथे कुणी हवेची गन लावली की स्टडचे आटे गेलेच. म्हणून आमच्याकडे नट आधी हाताने पूर्ण फिरवतात, गन नंतर. १.२५ च्या आट्यांवर निदान नऊ-दहा फेरे आणि १.५ वर आठ फेरे बसले पाहिजेत.

होंडाची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्या मूळ चाकात नटची बैठक गोलाकार असते, बाजारातल्या बहुतेक अलॉयमध्ये (मिश्रधातूच्या चाकांमध्ये) ती ६० अंशांची निमुळती. नट चाकाप्रमाणे निवडायचा आणि आटे गाडीप्रमाणे. सिटीचं मधलं भोक ५६.१ चं, त्यामुळे तिचं अलॉय स्विफ्टवर टाकलं तर हबभोवती फट उरते आणि ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं. बॅलन्सिंग कितीही करा, जात नाही. त्यावर उपाय ५६.१ बाहेर, ५४.१ आत अशी हब रिंग. उलट, स्विफ्टचं अलॉय सिटीच्या हबवर बसतच नाही. लेथवर भोक मोठं करून आणणारेही भेटतात. भोक जरा जरी मध्यावरून सरकलं तर ते चाक वाया गेलं समजा.

आमचा सर्वांत जास्त वेळ ऑफसेटमध्ये जातो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, ते हे माप. समजा मूळ रिम ५.५ इंच रुंद आणि ऑफसेट ४५ मिमी आहे, आणि आवडलेलं अलॉय ६.५ इंच, ऑफसेट ३८. रुंदीचा अर्धा भाग ६९.९ वरून ८२.६ मिमी झाला. बाहेरची कड आधी हबच्या पृष्ठभागापासून २४.९ मिमीवर होती, ती ४४.६ वर गेली, म्हणजे जवळपास २० मिमी मडगार्डकडे. आतली कडही पावणेसहा मिमी शॉकअपकडे सरकली. रिकाम्या गाडीत काही जाणवत नाही. मागे तिघं बसले आणि डिकीत बियाण्याची पोती पडली की प्रत्येक खड्ड्यात टायर घासतो, आणि बेअरिंगवर ताण वाढतो तो वेगळाच. आत घासणाऱ्या चाकाला पातळ स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) टाकणं हा उपाय आम्हाला पटत नाही : ५ मिमीचा स्पेसर १.२५ च्या आट्यांचे चार फेरे खाऊन टाकतो.

रिमवर आकडा खोदलेला नसेल तर ती पालथी घालून कडांवर सरळ पट्टी ठेवतो आणि पट्टीपासून हबच्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजतो. त्यातून बाहेरच्या एकूण रुंदीचा अर्धा भाग वजा केला की ऑफसेट. ही एकूण रुंदी नावाच्या रुंदीपेक्षा साधारण एक इंच जास्त असते, ते विसरलं की उत्तर चुकतं.

टायरची उंचीही धरावी लागते. १४५/८० आर १२, म्हणजे १४५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १२ इंची, अशा टायरचा बाहेरचा व्यास ५३६.८ मिमी. १३ इंची रिमवर जायचं तर १५५/६५ टायर ५३१.७ भरतो, फरक सुमारे एक टक्का, चालतो. त्याच रिमवर १५५/८० टाकला तर ५७८.२, म्हणजे पावणेआठ टक्के जास्त. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४-६५ ने पळत असते, पिकअप पडतो आणि वळताना टायर लायनरला (मडगार्डच्या आतल्या अस्तराला) लागतो. भार-निर्देशांकही पाहतो : ७४ म्हणजे एका टायरला ३७५ किलो, ७३ म्हणजे ३६५. माल वाहणाऱ्या ओम्नीला हे दहा किलोही मोजून धरावेत.

ट्यूबच्या जमान्यातल्या रिमला आतून हंप, म्हणजे टायरची कड अडवणारा उंचवटा, नसतो. हवा कमी झाली तर वळणावर टायरची कड आत सरकू शकते, म्हणून तिच्यात आम्ही ट्यूबच घालतो. रंगवून आणलेल्या डिस्कचीही एक गोम आहे : नटच्या बैठकीवर आणि हबला टेकणाऱ्या भागावर रंगाचा जाड थर असला की तो पुढे दबतो आणि नट ढिला पडतो. तेवढा भाग खरवडूनच चाक चढतं. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळून शेवटचा हात टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने), आकडा त्या गाडीच्या पुस्तकातला. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यायला बोलावतो. कन्नड घाट उतरून आलेली गाडी असेल तर ब्रेकने तापलेली चाकं थंड होईपर्यंत थांबायला लावतो.

स्टेपनी बहुधा जुनी लोखंडीच राहते आणि तिला अलॉयचे नट जमतीलच असं नाही. म्हणून मूळ नटांचा एक संच आणि पाना पिशवीत बांधून डिकीत ठेवून देतो.