उलाळ

शनिवारची पहिली डिलिव्हरी नऊची होती. इंग्लंडात मिडलंड्स भागात आमचं कॅरव्हान, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, विकायचं आवार आहे आणि मी तिथल्या वर्कशॉपमध्ये असतो. गॅस, दिवे, ब्रेक तपासायचे आणि नवख्या गिऱ्हाइकाला कॅरव्हान गाडीला जोडायला-सोडायला शिकवायचं, हे माझं काम. फाइलवर आडनाव मराठी दिसलं, तेव्हा हातातला चहा तसाच ठेवून बाहेर गेलो.

नवरा-बायको, दोन मुलं आणि नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी. तिथूनच थेट वेल्सला निघायचं होतं. डिकीत कुकर, स्टीलचे डबे, दहा किलो तांदूळ. "दादा, तुम्ही मराठी? मग काळजीच मिटली," तो म्हणाला.

मी सवयीनं ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरची पाटी वाचली. तिच्यावर एकाखाली एक चार वजनं असतात. पहिलं भरलेल्या गाडीचं कमाल वजन, दुसरं गाडी आणि मागचं ओझं मिळून कमाल, उरलेली दोन अ‍ॅक्सलची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांची. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की ओढायला किती उरतं ते कळतं. इथे 2,680 वजा 1,930. साडेसातशे किलो. गाडीची पुस्तिका काढून पाहिली, तिथेही तेच. आणि मागे उभी असलेली कॅरव्हान रिकामीच 1,068 किलोची, भरून 1,220 पर्यंत.

"असं कसं? मी सगळं बघितलंय," म्हणत त्यानं फोनवरचा तक्ता काढला. खरंच बघितलं होतं बिचाऱ्यानं. परवान्याची अडचण नव्हती. 16 डिसेंबर 2021 पासून साध्या कारच्या परवान्यावरही साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, पूर्वीसारखी वेगळी परीक्षा नाही. रिकाम्या गाडीचं वजन 1,450, त्याचे 85 टक्के 1,232, कॅरव्हान 1,220. गणित अगदी चोख. पण भरलेली कॅरव्हान गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवा, हा नवशिक्यांना दिलेला सल्ला आहे. आपल्या गाडीपेक्षा मागचं धूड बरंच हलकं असलं तर ते गाडीला हलवत नाही, इतकाच त्याचा अर्थ. गाडी मुळात किती ओढू शकते, हे त्या सल्ल्याला ठाऊक नसतं. ते गाडी बनवणाऱ्यानं पाटीवर लिहिलेलं असतं, आणि त्यापुढे बाकीची गणितं चालत नाहीत.

चूक कुठे झाली हे फाइल उघडल्यावर पाच मिनिटांत कळलं. आमच्याच विक्रीच्या टेबलावर. गाडीचं मॉडेल विचारलं, इंजिन विचारलं नाही. त्याच नावाची डिझेल गाडी 1,800 किलो ओढते, यांची हायब्रिड. टोबार, म्हणजे गाडीमागचा ओढायचा आकडा, बसवणाऱ्यालाही दोष देता येईना, साडेसातशेपर्यंत ओढायला टोबार लागतोच की.

"पण दादा, ताकद तर हिची डिझेलपेक्षा जास्त आहे."

हे मला दर महिन्याला कोणीतरी ऐकवतं. सपाट रस्त्यावर धावणं वेगळं. ओढण्याची मर्यादा ठरवताना पूर्ण ओझ्यासकट 12 टक्के चढावर थांबलेली गाडी पाच मिनिटांत पाच वेळा हलवून दाखवावी लागते. तिथे क्लच, गिअरबॉक्स, थंड करायची यंत्रणा, सगळ्यांचा कस लागतो. आणि वेल्समध्ये चढ काही कमी नाहीत.

"रिकामी नेतो. सामान सगळं गाडीत."

"रिकामीच तीनशे किलोनं जास्त आहे. रस्त्यात काही झालं तर जबाबदार तुम्ही. विमा कंपनी पहिल्यांदा हीच पाटी बघेल."

मी डिलिव्हरीच्या कागदावर सही करायला नकार दिला. मॅनेजरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, महिनाअखेर होती. धाकटी मुलगी रडायला लागली. सून कोणाशीच बोलेना. आजींनी मात्र डिकीतून डबा काढला आणि माझ्यापुढे धरला. "घे रे बाबा, दशम्या आहेत. तुझ्यावर राग नाही." त्या दशम्या खाताना मला जेवढा संकोच वाटला तेवढा मॅनेजरच्या ओरडण्यानं वाटला नाही. पैसे परत देऊ म्हटलं, तर गिऱ्हाइकानं कॅरव्हान राखून ठेवायला सांगितलं.

सात आठवड्यांनी ते आले ते जुनी डिझेल इस्टेट, म्हणजे लांब डिकीची गाडी घेऊन. मी आधी पाटी वाचली: 1,600 किलो. वजनही आधीच्या गाडीपेक्षा जास्त. जोडणी केली, तेरा पिनांचा प्लग लावला, दिवे पाहिले, कॅरव्हान सुटलीच तर तिचे ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल अडकवली. या वेळी सामान त्यांनी स्वतः कॅरव्हानमध्ये भरलं होतं. मी जोडणी सोडवून कॅरव्हानच्या पुढच्या टोकाखाली नोजवेट, म्हणजे त्या टोकाचा गाडीवर पडणारा भार, मोजायचा काटा उभा केला, जॉकी व्हील, म्हणजे पुढचं टेकूचं चाक, हळूहळू वर घेतलं. काटा 38 किलोवर थांबला. या कॅरव्हानला भरल्यावर साठ-सत्तर तरी हवं होतं. गाडीची मर्यादा 75.

आत जाऊन पाहिलं. तांदूळ, मिक्सर, पाण्याचे कॅन आणि पंचवीस किलोचा तंबू, सगळं मागच्या बाथरूममध्ये रचलेलं, "मुलांना पुढे मोकळी जागा हवी म्हणून."

मी त्याला समजावत होतो: मागे वजन गेलं की टोक वर उचललं जातं, गाडीच्या मागच्या चाकांवरचा दाब कमी होतो, मग वेगात कॅरव्हान शेपटासारखी डावी-उजवी हलायला लागते. तो मान डोलवत होता, पण त्याला समजलं नव्हतं. न राहवून म्हणालो, "उलाळ झालीय."

तो बघत राहिला. खुर्चीवर बसलेल्या आजी मात्र खो-खो हसल्या. "अरे, बैलगाडी उलाळ होते ना तशी! मागं पोती जास्त झाली की जू बैलाच्या मानेवरून वर उठतं. माझे वडील पोती पुढं सरकवायचे, पण बेतानं. जास्त सरकवली की बैलाच्या मानेवर भार."

तंबू अ‍ॅक्सलवर आणला, कॅन रिकामे केले, तांदूळ पुढच्या बाकाखाली. काटा 66. तांदूळ आणखी थोडा पुढे घ्यायला तो वाकला, तर आजींनीच त्याला थांबवलं.

निघताना मी फक्त एवढंच सांगितलं की मोटरवेवर ताशी साठ मैलांच्या वर जायचं नाही आणि उजव्या टोकाच्या लेनमध्ये घुसायचं नाही. आवाराच्या फाटकाशी गाडी थांबली. काच खाली आली, आणि आजींनी विचारलं, मागच्या वेळचा दशम्यांचा डबा रिकामा करून ठेवलाय का.