उइगुर आणि इंडोनेशियन एकत्र शिकताना: आठव्या महिन्याची नोंद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की दोनपैकी एक भाषा काही दिवस बाजूला ठेवावी, असं वाटायला लागलंय. ठेवली नाही. या महिन्यात फक्त एकच बदल केला: वहीत इंग्रजी अर्थ लिहिणं बंद केलं. डावीकडे उइगुर किंवा इंडोनेशियन वाक्य, उजवीकडे थेट मराठी. इतके महिने हे का सुचलं नाही, याची हळहळ वाटते.

आधी उइगुर, म्हणजे चीनच्या शिनजियांगमधल्या उइगुर लोकांची भाषा. (क़ आणि ग़ घशातून म्हणायचे, बाकीचे काही स्वर देवनागरीत नीट बसत नाहीत, तेवढं चालवून घ्या.) जोडक्रियापदांचं प्रकरण मी तीन वेळा वाचलं होतं. इंग्रजी वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकात सहायक क्रियापदांची लांबलचक यादी असते आणि ती पाठ करायची असते. मराठी रकाना भरायला घेतला आणि यादीची गरजच संपली. 'येप बाक़्तिम': 'ये' हा खाण्याचा धातू, 'बाक़' पाहण्याचा. खाऊन पाहिलं! 'येज़िप बेर्दिम': लिहून दिलं. 'एलिप केल': घेऊन ये. बोलताना त्याचं 'एकेल' होतं, आणि 'एलिप बार' म्हणजे 'घेऊन जा' याचं 'आपार'. 'ओक़ुप चिक़्तिम' म्हणजे वाचून काढलं. इथे 'चिक़' हा बाहेर पडण्याचा धातू आहे, म्हणजे ते वाचून बाहेर पडतात आणि आपण वाचून काढतो. त्यांचा 'इप' म्हणजे आपला 'ऊन', एवढं लक्षात ठेवलं की पुरे. क्रियापदही शेवटीच. उइगुर तुर्की कुळातली, उझबेकची जवळची बहीण. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. तरी वाक्य जुळवताना मला डोक्यात काहीच उलटंपालटं करावं लागत नाही.

याच रकान्यात आणखी एक गोष्ट सापडली. 'यामग़ुर याग़्दी' म्हणजे पाऊस पडला. सकाळी उठून अंगण ओलं दिसलं, तर मात्र 'यामग़ुर येग़िप्तु': पाऊस पडलेला दिसतोय. स्वतः पाहिलं नाही, खुणेवरून कळलं किंवा कुणी सांगितलं, हे क्रियापदाच्या शेपटातच येतं. आपण 'दिसतोय' किंवा 'म्हणे' जोडतो, ते एक प्रत्यय लावतात. भाषेनं माहितीचा उगम इतक्या सहज सांगावा, हे मला फार आवडतं.

आता 'याग़'चं 'येग़' झालं, तिकडे बघा. उइगुरमध्ये प्रत्यय लागला की मुळातला स्वर हलतो. 'बाला' म्हणजे मूल, अनेकवचन 'बालिलार'. 'आत' म्हणजे घोडा, त्याचा घोडा 'एती'. शब्दकोशात 'एती' शोधत मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. पण आपलंही तेच आहे: मूल, मुलाला, माणूस, माणसाला. 'माणसा' शब्दकोशात शोधणाऱ्या परदेशी माणसाला काय वाटत असेल, ते आता कळलं.

इंडोनेशियनमध्ये हीच अडचण दुसऱ्या टोकाकडून येते. तिथे प्रत्यय शब्दाच्या सुरुवातीला लागतो आणि मुळाचं पहिलं अक्षर खातो. 'सापू'चं (झाडू) 'मेन्यापू' (झाडणं), 'तुलिस'चं 'मेनुलिस' (लिहिणं), 'किरिम'चं 'मेंगिरिम' (पाठवणं). 'बाचा'चं मात्र 'मेम्बाचा' (वाचणं), तिथे 'ब' टिकून राहतो. म्हणून इंडोनेशियन सोपी आहे, काळ नाही, लिंग नाही, लिपी रोमन, हे जे सगळीकडे सांगतात ते मला पटत नाही. पहिले तीन महिने सोपे, मग हे प्रत्यय समोर येतात.

पण याच भाषेनं या महिन्यातला सगळ्यात मोठा आनंद दिला. माझ्या शिक्षिकेनं (मी त्यांना 'बू' म्हणते, आपल्या 'बाई'सारखं) 'कीता' आणि 'कामी' शिकवायला पूर्ण तास ठेवला होता. दोन्हींचा अर्थ इंग्रजीत एकच. मी म्हटलं, बू, एक मिनिट, 'कीता' म्हणजे आपण, 'कामी' म्हणजे आम्ही. त्यांनी पाच वाक्यं दिली, पाचही बरोबर आली. उरलेला तास आम्ही बोलण्यात घालवला. उइगुरमध्ये हा भेद नाही, सगळ्याला 'बिज़', आणि तिथे मला तो खरंच कमी पडतो.

'सुदाह माकान?' म्हणजे जेवलात का? नसाल जेवलात तर नुसतं 'नाही' म्हणायचं नाही, 'बेलुम' म्हणायचं: अजून नाही. लग्न झालं का, यालाही 'बेलुम'. आणि 'बुकू इतू सुदाह साया बाचा' हे वाक्य जरूर वहीत लिहा. शब्दशः 'पुस्तक ते झालं मी वाच', म्हणजे 'ते पुस्तक मी वाचलंय'. मी आधी नेहमी 'मी'पासून सुरुवात करायचे, इंग्रजीच्या सवयीनं. बोलणं पुस्तकाबद्दल चाललं असेल तर पुस्तक पुढे येतं, अगदी मराठीसारखं.

शब्दसंग्रहाबद्दल थोडक्यात. इंडोनेशियनमधले संस्कृत शब्द ओळखीचे वाटतात, पण अर्थ जपून घ्या: 'नेगारा' म्हणजे देश, 'सुआमी' नवरा, 'चिंता' म्हणजे प्रेम, 'सेतिया' (आपला सत्य) म्हणजे एकनिष्ठ. अरबी-फारसीतून आलेले तिन्हीकडे भेटतात: खबर, उइगुर 'ख़ेवेर', इंडोनेशियन 'काबार'. बाजार, 'बाज़ार', 'पासार'. गावाकडचा 'वखत', 'वाक़ित', 'वाक्तू'. आणि उइगुर 'हेप्ते' म्हणजे आठवडा, आपला हप्ता.

लिपीचा प्रश्न सुटलाय. उइगुर अरबी लिपीत लिहितात, पण 32 अक्षरांत आठही स्वर लिहिलेले असतात. उर्दूसारखे अंदाजानं भरावे लागत नाहीत.

अडलंय ते ऐकण्यात. उइगुर बोलताना अक्षराच्या शेवटचा 'र' गळतो आणि स्वर लांबतो, त्यामुळे लिहिलेलं 'बेर्दिम' कानाला 'बेऽदिम' येतं. वाचून कळतं ते ऐकून निसटतं. पुढचा महिनाभर रोज वीस मिनिटं ऐकून लिहायचं आणि गळलेला प्रत्येक 'र' लाल शाईनं परत भरायचा, असं ठरवलंय.