यंदा मोठ्याने वाचलं

डिसेंबर संपत आला की मी माझी वही काढते, वाचलेल्या पुस्तकांची. पुस्तकाचं नाव, संपवल्याची तारीख आणि सुचलंच काही तर एखादी ओळ, बस्स. गेल्या वर्षी त्यात ४७ नावं होती, यंदा २३ आहेत. पण इतकं भरभरून मी याआधी कधीच वाचलं नव्हतं, कारण यातली निम्म्याहून जास्त पुस्तकं मी आईला मोठ्याने वाचून दाखवली.

झालं असं की फेब्रुवारीत आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि एप्रिलमध्ये डाव्या. मधल्या काळात जुना चष्मा उपयोगाचा नाही आणि नवा नंबर डोळा स्थिरावल्याशिवाय मिळणार नाही, त्यामुळे पेपरची हेडलाईन सोडली तर तिला काही वाचता येईना. आई म्हणजे रोज दुपारी जेवण झाल्यावर आडवं होऊन दहा पानं वाचल्याशिवाय जिचा डोळा लागत नाही अशी बाई. टीव्हीचा तिला कंटाळा. तीन-चार दिवस बघितलं आणि मग एका संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर तिच्या डोळ्यात थेंब घातले आणि म्हटलं, पड तशीच, मी वाचते.

पहिलं पुस्तक तिनेच सांगितलं, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. शाळेत एक धडा होता तेवढंच मला आठवत होतं. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलं (१८९३ पासून चालू असलेली लायब्ररी आहे ही, आमच्या घरात तिसरी पिढी तिथली मेंबर आहे).

मनात वाचताना आपण किती पळतो ते मोठ्याने वाचायला लागल्यावर कळतं. डोळा वर्णनावरून सरकतो, मोठा परिच्छेद दिसला की शेवटच्या ओळीवर जातो, जिभेला तसं करता येत नाही, तिला प्रत्येक शब्दावरून जावंच लागतं. आणि काही पुस्तकं जिभेवर अशी बसतात की आपण वाचतोय हेच विसरायला होतं. 'स्मृतिचित्रे' तसं आहे. पहिला भाग १९३४ साली आला, म्हणजे नव्वद वर्षं होऊन गेली, आणि तरी एकही वाक्य मला थांबून परत वाचावं लागलं नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेली, सासरी आल्यावर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली बाई, आणि आपल्या मराठीत इतकं सरळ, इतकं बोलल्यासारखं गद्य कितीजणांनी लिहिलंय? वडिलांचं टोकाचं सोवळं काय, नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा लहरी स्वभाव काय, मग १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि पुढची काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या तो सगळा काळ काय, कुठेही त्या आवाज चढवत नाहीत. ते ताटातुटीचं प्रकरण वाचताना माझाच आवाज अडकला, मी पाणी प्यायला उठले, आणि आई डोळे मिटूनच म्हणाली, "थांबू नकोस गं, आता पुढे काय झालं ते सांग." तिने हे पुस्तक आधी दोनदा वाचलेलं होतं!

त्यानंतर मी हट्टाने अशीच पुस्तकं शोधायला लागले, म्हणजे लेखक व्हायचं म्हणून न लिहिणाऱ्या माणसांची. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' हातात आलं ते असंच. आईचं माहेर पेणचं आणि भटजींचं वरसई पेण तालुक्यातलंच, त्यामुळे पहिल्या पानापासून ती उठून बसली. घरावर कर्ज झालेलं, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा मिळेल म्हणून काका-पुतणे १८५७ साली उत्तरेकडे निघतात आणि थेट बंडात सापडतात. झाशीचा वेढा, शहर पडल्यावरची कत्तल, लपून काढलेले दिवस, हे सगळं त्या साध्या भिक्षुकाने डोळ्यांनी बघितलेलं आहे. लिहिलं त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, छापून आलं १९०७ मध्ये, तेही चिं. वि. वैद्यांनी बरंच बदलून, आणि मूळ लिहिलेलं तसंच्या तसं दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढलं. मी वाचलं ते हे मूळ. भाषा जुनी आहे, पहिले दोन दिवस जीभ अडखळत होती, मग लय सापडली.

त्यातली एक जागा मी आईला त्या रात्री तीनदा वाचून दाखवली. झाशी सुटल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भटजींना राणी भेटते. तहानलेली, धुळीने भरलेली. भटजी तिच्यासाठी पाणी काढायला पुढे होतात तर ती म्हणते की तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी ओढू नका, मीच काढते. आणि मडक्याने पाणी काढून ओंजळीने पिते. एवढंच आहे. घोडा नाही, तलवार नाही. शाळेपासून आजपर्यंत राणीवर जेवढं ऐकलं-पाहिलं त्यातलं काहीही माझ्यात इतकं खोल उतरलं नव्हतं. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "अगं, ही पण माहेरची मनकर्णिका आणि टिळकांची लक्ष्मीबाई पण माहेरची मनकर्णिकाच." खरंच की! दोघी मनू, दोघी लग्नानंतर लक्ष्मीबाई, आणि आमच्या घरात पाठोपाठच्या महिन्यांत आलेल्या. त्या योगायोगाने मला उगाचच फार आनंद झाला, वहीत चौकट करून लिहून ठेवलाय.

जूनमध्ये आईला नवा चष्मा मिळाला. खरं तर इथे थांबायला हरकत नव्हती, पण तोपर्यंत आमची साडेआठची वेळ ठरून गेली होती आणि समोरच्या काकूही येऊन बसायला लागल्या होत्या. त्या अमरावतीकडच्या. म्हणून मग उद्धव शेळक्यांची 'धग' काढली, १९६० ची कादंबरी, आणि माझी पंचाईत झाली. निवेदन मी वाचत होते पण संवाद सगळे वऱ्हाडी, आणि माझ्या ठाण्याच्या तोंडात ते 'मले', 'तुले', 'काहून' बसेचना. दुसऱ्याच पानावर काकूंनी पुस्तक हातातून घेतलं. "असं नाही वं पोरी, दे इकडे." तिथून पुढे कौतिकचं सगळं बोलणं काकूंनी वाचलं. नवऱ्याचा आधार नाही, पोरं लहान, दिवस ढकलायचेत आणि तरी ती बाई मोडत नाही, काकूंच्या आवाजात ती इतकी खरी झाली की काकू वाचता वाचता मधेच पुस्तक मांडीवर ठेवून स्वतःच्या मावशीबद्दल सांगायला लागायच्या आणि आम्ही दोघी ऐकायचो, कोणालाच घाई नव्हती.

लोकलमध्ये मात्र मी माझं एकटीचं वाचत राहिले. त्यातलं बेडेकरांचं 'रणांगण' फक्त सांगते, १९३९ चं, युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवरचं. दोन दिवस जाता-येता वाचून संपवलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठाण्याला उतरायचं राहून गेलं. बाकीच्यांबद्दल लिहीत नाही, काही बरी होती, चार अर्धी सोडली.

दिवाळीनंतर बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' वाचलं, १९८६ चं. फलटणला त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. सामान बांधायला आलेल्या रद्दीचे कागद त्या दुकानात बसून वाचायच्या आणि तिथेच लिहायच्या, घरात कळू नये म्हणून वह्या लपवून ठेवायच्या, अशी वीसेक वर्षं. आणि त्या वह्यांमध्ये काय आहे तर महारवाड्यातल्या बायकांची भूक, सासुरवास, मार, आणि बाबासाहेबांच्या शब्दावर उठून उभी राहिलेली वस्ती. काही पानं मी सलग वाचू शकले नाही. काकूंनी पदर तोंडाला लावलेला. अशा वेळी मनात वाचत असते तर मी पान उलटून पुढे गेले असते हे मला माहितीये, पण समोर दोन माणसं ऐकत असताना तसं करता येत नाही आणि करूही नये.

ते रद्दीच्या कागदांचं आईला फार लागलं. म्हणाली, पेणला आमच्याकडे वाण्याकडून पुडी आली की डाळ डब्यात ओतायची आणि कागद हाताने सरळ करून चुलीपाशी वाचायचा, अर्धीच गोष्ट असायची, पुढचं पान दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी गेलेलं. मग कितीतरी दिवस आम्ही बहिणी त्या गोष्टीचा शेवट काय असेल ते बोलत बसायचो.

हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

आता दया पवारांचं 'बलुतं' चालू आहे. काल वाचायची पाळी काकूंची होती, आज आई वाचणार म्हणतेय.