आधी उतार, मग चढ : ग्रँड कॅन्यनच्या तळाशी जाऊन आल्याचा माझा अनुभव

सह्याद्रीत पंचवीस वर्षं भटकल्यावर पायांना एक सवय लागते. सकाळी ताज्या दमानं चढायचं, गडावर टाक्याशेजारी बसून भाकरी खायची आणि ऊन कललं की उतरायचं. दमलो, पाय मुरगळला, तरी गाव खालीच असतं, त्यामुळे कसंबसं घसरत-बसत पोहोचता येतं. ग्रँड कॅन्यननं ही सवय मोडायला लावली. तिथे गाडी, चहा, अंथरूण सगळं वर, आणि जायचंय ते खाली. पाय ताजे असतात तेव्हा उतार, पाय संपतात तेव्हा चढ.

माझी ताई अमेरिकेत, अॅरिझोनातल्या फिनिक्सजवळ राहते. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिनं ही दरी काठावरून दाखवली आहे. कठड्याशी फोटो, दुकानातून एक टोपी आणि संध्याकाळी परत. २०१९ च्या सुरुवातीला ती फोनवर म्हणाली, "अरे, इतक्या जणांना नेलं, पण मी स्वतः एकदाही खाली उतरले नाही. अठ्ठावन्न झाली मला. तू येणार असशील तर या वर्षी जाऊ." त्या वर्षी राष्ट्रीय उद्यानाला शंभर वर्षं होत होती, ही तिची आणखी एक सबब. मी लगेच हो म्हटलं. त्या 'हो'मध्ये काय काय येतं, ते पुढच्या नऊ महिन्यांत कळत गेलं.

तळाशी मुक्काम करायचे दोन मार्ग. एक म्हणजे फँटम रँच, दरीतल्या कोलोराडो नदीजवळची दगडी-लाकडी खोल्यांची वस्ती. वास्तुरचनाकार मेरी कोल्टर हिनं आखलेली ही वस्ती १९२२ पासून उभी आहे. तिथली खाट मिळायला पंधरा महिने आधी सोडतीत नाव घालावं लागतं, म्हणजे आमच्यासाठी तो मार्ग बंद होता. दुसरा मार्ग म्हणजे तंबू आणि त्यासाठीचा परवाना. तेव्हा अर्ज चक्क फॅक्सनं जायचा. ज्या महिन्यात जायचं त्याच्या चार महिने आधीच्या एक तारखेपर्यंत आलेले अर्ज एकत्र करून त्यातून नंबर लावत. नाशिकमध्ये बसून मी फॉर्मचा मजकूर सांगायचा, ताईनं तो भरायचा आणि एका दुकानातून फॅक्स करायचा, असं आमचं चाललं होतं. फॉर्मवर मुक्कामांची नावं नव्हे, तीन अक्षरी संकेत लिहायचे. नदीजवळच्या ब्राइट एंजल या तंबूच्या जागेसाठी 'सीबीजी'. ते अक्षर नीट उमटलंय का, हे तिनं मला तीनदा फोटो पाठवून विचारलं.

ऑक्टोबरसाठी नकार आला. फार वाईट वाटलं. मग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी पुन्हा अर्ज केला आणि या वेळी तीनही पर्याय वेगवेगळ्या तारखांचे दिले. हे पहिल्यांदाच करायला हवं होतं, कारण एकाच तारखेला चिकटलं की नंबर लागायची शक्यता कमी होते. परवाना आला. दोन माणसं, दोन रात्री : दहा डॉलर मूळ शुल्क आणि माणशी रात्रीला आठ, म्हणून बेचाळीस डॉलर. आता फॅक्स गेला. अर्ज 'रिक्रिएशन डॉट गव्ह' या सरकारी संकेतस्थळावर करायचा आणि तिथेही आधी सोडत असते, पण चार-पाच महिने आधीपासून मागे लागायचं हे तसंच आहे.

तयारीत माझी चूक अशी होत होती की मी चढाचाच सराव करत होतो. ताईनं विचारलं, "तू उतरतोस कसा ते सांग. पाठीवर ओझं घेऊन?" साउथ कैबाब नावाच्या वाटेनं काठापासून नदीपर्यंत सुमारे १४५० मीटर उतरायचं असतं, अकरा किलोमीटरच्या चालीत. बारीतून कळसूबाईला आपण जेवढे चढतो त्याच्या दीडपटीहून जास्त, आणि तेही सलग खालीच. मग मी पाठीवर दहा किलो घेऊन त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या पायऱ्या उतरायला लागलो. चौथ्या रविवारी गुडघ्यांची कुरकुर थांबली. हातात दोन काठ्या घ्यायला मला आधी संकोच वाटायचा, तो तिथेच सोडला. एक बारीक गोष्ट ताईनं सांगितलेली : निघायच्या चार दिवस आधी पायांची नखं अगदी आखूड काप. उतारावर अंगठा बुटाच्या टोकाला तासन्‌तास आपटत राहतो आणि नख काळं पडतं. आमच्यापुढे चाललेल्या एका तरुणाचं हेच झालं होतं. दुसऱ्या दिवशी तो चपला घालून चढत होता.

साउथ कैबाबच्या तोंडाशी खासगी गाडी नेता येत नाही, पहाटेच्या बसनंच जावं लागतं. त्या वाटेवर पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे माणशी चार लिटर पाठीवर. काठावर हात आखडतील अशी थंडी होती. पहिल्याच वळणांत सूर्य आला आणि समोरची भिंत खालपर्यंत पेटल्यासारखी लाल झाली. ताई काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं ही भिंत नेहमी वरून बघितली होती. आता ती डोक्याच्या पातळीला होती आणि आम्ही तिच्या आत चाललो होतो.

या उतारावर प्रत्येक अर्ध्या तासाला पायाखालचा दगड बदलतो. काठावरचा फिका चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा. आपला सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आहे, म्हणजे इथला सगळ्यात वरचा, सगळ्यात नवा थरच आपल्या डोंगराच्या चौपट जुना. त्याखाली कोकोनिनो वालुकाश्म लागतो. त्यात तिरप्या रेघा दिसतात, त्या एका प्राचीन वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांच्या. मग तांबडी माती आणि पुढे रेडवॉल नावाच्या चुनखडकाची सरळसोट भिंत. तो दगड मुळात करडा आहे. वरच्या थरांतलं लोह पावसानं ओघळून त्याला लाल रंग चढला आहे. एके ठिकाणी कपचा निघाला होता, तिथे आतला खरा रंग दिसला.

सीडर रिज या थांब्याच्या पुढे समोर दोन सुळके दिसतात. एकाचं नाव झोरोअॅस्टर टेंपल, त्याच्यामागचं ब्रह्मा टेंपल. पूर्वेला विष्णू टेंपल, रामा श्राइन, कृष्णा श्राइन आहेत, पश्चिमेकडे शिवा टेंपल आहे, आणि मनू टेंपलसुद्धा. क्लॅरेन्स डटन नावाचा भूशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे फिरला. या सुळक्यांत त्याला पूर्वेकडच्या देवळांचे आकार दिसले आणि त्यानं अशी नावं द्यायला सुरुवात केली. नकाशावर ही नावं आधी वाचली होती, पण तिथे उभं राहून ताईनं हात जोडले तेव्हा मला नाशिकची काळाराम मंदिराची पायरी आठवली. त्या भूमीची मूळ माणसं वेगळी आणि त्यांची नावंही वेगळी आहेत, हेही मनात होतंच.

अर्ध्या वाटेवर खेचरांचा तांडा आला. नियम असा की आपण डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही, आणि हाकणारा सांगेपर्यंत हलायचं नाही. शेवटचं खेचर माझ्या छातीपासून हातभर अंतरावरून गेलं. घामानं भिजलेल्या कातड्याच्या पट्ट्यांचा वास आणि नालाखाली गोटे चिरडल्याचा आवाज, इतकंच त्या दोन मिनिटांत होतं. तळाशी लागणारं पीठ-साखरेपासून सगळं या पाठींवरून येतं आणि कचरा याच पाठींवरून वर जातो.

शेवटी एक काळोखा छोटा बोगदा, आणि त्यातून थेट पुलावर पाऊल. हा १९२८ चा झुलता पूल. त्याचे लोखंडी दोर प्रत्येकी जवळजवळ एक टन वजनाचे होते. घडी घालता येत नाही, खेचरावर लादता येत नाही. तेव्हा बेचाळीस माणसांनी एकामागे एक चालत एकेक दोर खांद्यावरून वाटेनं खाली आणला. त्यांतले बहुतेक हवासुपाई, म्हणजे या दरीतल्या मूळ रहिवाशांपैकी, होते. आम्ही नुकतेच ज्या वळणांवर एका पाठपिशवीला कावलो होतो, त्याच वळणांवरून. पुलाच्या मधोमध थांबून मी त्या दोराला हात लावला.

खालच्या मुक्कामात खाण्याची प्रत्येक वस्तू लोखंडी पेटीत ठेवावी लागते, नाहीतर खारी पिशवी कुरतडतात. ताईनं आणलेल्या मेथीच्या ठेपल्यांचा डबाही पेटीत गेला. संध्याकाळी फँटम रँचच्या कँटीनमध्ये लिंबू सरबत प्यायलो आणि नाशिकला आईच्या नावे पोस्टकार्ड टाकलं. इथली टपाल पेटी म्हणजे चामड्याची एक थैली. कार्डावर 'दरीच्या तळातून खेचरावरून रवाना' अशा अर्थाचा शिक्का बसतो आणि ते खरंच खेचरावरून वर जातं.

दुसऱ्या दिवशी मला अद्दल घडली. नदी सोडून ब्राइट एंजलच्या वाटेनं वर निघालो. अंतर आठ किलोमीटरच्या आतलं, म्हणून मी सकाळी नुसत्या कॉफीवर निघालो आणि वाटेत पाणी पीत राहिलो. डेव्हिल्स कॉर्कस्क्रू नावाची नागमोडी वळणं आहेत, तिथे ऊन अंगावर आलं. डोकं जड झालं आणि मळमळायला लागलं. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी प्यायलो. ताईनं माझ्या हातातून बाटली काढून घेतली. "तू सकाळपासून खाल्लंस काय? बस इथे." खडकाच्या सावलीत बसवून तिनं मला खारे शेंगदाणे, एक ठेपला आणि लिंबाचं लोणचं खायला लावलं. वनरक्षक वर हेच सांगत असतात : इथल्या कोरड्या हवेत घाम अंगावर दिसत नाही पण मीठ जात असतं, आणि खाल्ल्याशिवाय नुसतं पाणी पीत गेलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. हे मी वाचलं होतं. वाचलेलं पोटात जायला तो खडक लागला. पाऊण तासानं उठलो तेव्हा पाय माझे होते. नोव्हेंबर होता म्हणून एवढ्यावर निभावलं. उन्हाळ्यात तळाशी पारा चाळीसच्या वर जातो आणि सकाळी दहा ते दुपारी चार चालूच नका, असं तिथे बजावून सांगतात.

त्याच चढावर पुढे एक जागा आहे, जिथे तपकिरी टॅपीट्स वालुकाश्म थेट विष्णू शिस्ट नावाच्या काळ्या खडकावर टेकलेला दिसतो. वरचा सुमारे ५२ कोटी वर्षांचा, खालचा १७० कोटींच्या आसपासचा. मधली शंभर कोटींहून जास्त वर्षं गायब, झिजून वाहून गेलेली. ताईनं तळहात असा ठेवला की बोटं वरच्या दगडावर आणि मनगट खालच्या. वरचा खरखरीत होता आणि उन्हानं तापलेला, खालचा गुळगुळीत आणि गार. आम्ही तिथे बराच वेळ होतो.

दुसरा मुक्काम कॉटनवूडच्या झाडांखाली, झऱ्याकाठी. आम्ही गेलो तेव्हा त्या जागेचं नाव इंडियन गार्डन होतं. २०२२ मध्ये ते बदलून हवासुपाई गार्डन्स करण्यात आलं, कारण ही शेती-बागाईत त्याच लोकांची होती. उद्यान झाल्यावर त्यांना इथून काढलं गेलं. इथल्या शेवटच्या हवासुपाई माणसाला १९२८ मध्ये जावं लागलं. म्हणजे जवळजवळ ज्या काळात त्यांचे भाऊबंद पुलाचे दोर खांद्यावरून उतरवत होते, त्याच काळात. हे मला नंतर, नाव बदलल्याची बातमी वाचताना जोडता आलं आणि त्या झाडांची सावली आठवून अस्वस्थ वाटलं.

तिसरा दिवस सरळ होता. साडेपाचला हेडटॉर्च लावून निघालो, दर अर्ध्या तासाला दहा मिनिटं बसायचं आणि प्रत्येक वेळी काहीतरी तोंडात टाकायचं. वरच्या दोन विश्रामगृहांचं पाणी थंडीत बंद असतं, म्हणून झऱ्याशीच भरून घेतलं. सव्वाअकराला काठावर होतो. कठड्याशी एका मराठी कुटुंबाचे फोटो चालले होते. त्यांच्या आजोबांनी ताईला विचारलं, "खाली जाऊन आलात? काय आहे खाली?" ताईनं काठी कठड्याला टेकवली, त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि बोटानं दाखवायला लागली : ती हिरवी झाडं दिसतात ना, तिथे आम्ही काल झोपलो. त्याच्याखाली अजून तेवढीच वाट आहे.